मामीचा सतरावा नियम

रेल्वेच्या नियमांचं पुस्तक हातात आलं की मी एक खेळ खेळत असे. नियम वाचायचा आणि तो कुणामुळं करावा लागला असेल, त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा. 'ब्रेकच्या नळीवर कपडे वाळत घालू नयेत.' म्हणजे कुठल्यातरी यार्डात कुणीतरी धोतर वाळत घातलं होतं. 'आगीच्या बादलीतली वाळू अन्य कामास वापरू नये.' म्हणजे कुणीतरी त्या वाळूत शेंगदाणे भाजले होते, आणि चांगले खमंग भाजले असणार, कारण वास साहेबापर्यंत गेला. माणसं शहाणी असती तर हे पुस्तक चार पानांत आटोपलं असतं, असं मी नव्या लोकांना सांगत असे आणि मिशीतल्या मिशीत हसत असे. ते हसणं मला कसं भोवलं, तेच सांगायला बसलो आहे.

मी कुंभकोणमचा. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात आमचे पूर्वज इकडं आले. कुणी म्हणतं दरबारी कारकून म्हणून, कुणी म्हणतं मुदपाकखान्यात आचारी म्हणून. घरात आम्ही पहिलंच सांगतो. बोलणं घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची सून पुण्याची आहे. तिनं हा लेख तपासला आणि माझे 'कशास' आणि 'मजपाशी' खोडून काढले. त्यातले थोडे मी गुपचूप परत घातले आहेत, तेवढे चालवून घ्या.

माझं काम डबे तपासण्याचं. गाडीत ड्रायव्हर दिसतो, गार्ड दिसतो, तिकीट तपासणारा तर नको तेव्हा दिसतो. आम्ही दिसत नाही, कारण आम्ही वाकलेले असतो. गाडी स्टेशनात शिरली की रुळाच्या बाजूला उकिडवं बसून चाकं बघायची, ऐकायची. थांबली की हातोडी घेऊन निघायचं. नोकरीभर मी असा वाकलो आणि निवृत्त झालो तेव्हा सरळ उभं राहायला डॉक्टरांकडं जावं लागलं.

तर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी कॉफी, मग कावेरीकाठी फेरी, मग पेपर, मग बायकोच्या स्वयंपाकात सल्ले. माझी बायको सरसू हिला या सल्ल्यांचा इतका कंटाळा आला होता, की ऑफिसातून फोन आला तेव्हा मी हो म्हणायच्या आधी तिनंच आतून हो म्हटलं.

झालं होतं असं. जुना, सागवानी, फार पूर्वी साहेब लोक दौऱ्याला वापरायचे तसला एक लाकडी डबा उत्तरेकडून आमच्या साइडिंगवर आणून ठेवला होता. रंगरंगोटी करून त्याला पर्यटकांसाठी तंजावर ते मयिलाडुतुरै चालवायचं घाटत होतं, आणि तेही आताच्या मेन लाइनवर, जिथं एक्स्प्रेस गाड्या धावतात. डब्याच्या आत पितळी दिवे, आरसे, एक पंखा असा गुरगुरणारा की त्याला साहेबच म्हणावं. चालू लागला की सगळा डबा कुरकुर करायचा, पण ऐटीत. यार्डातली माणसं त्याला 'मामी' म्हणू लागली. आमच्याकडं मामी म्हणजे नऊवारी नेसून, हिऱ्याच्या कुड्या घालून लग्नात पुढच्या खुर्चीत बसणारी वयस्क बाई. नाव अगदी शोभलं.

मामीची चाकं जुन्या पद्धतीची. आताच्या डब्यांत आसाच्या, म्हणजे ॲक्सलच्या, टोकाला बेअरिंग असतं, मोटरगाडीसारखं बंद. मामीला मात्र प्रत्येक टोकाला लोखंडी पेटी. पेटीत आसाच्या टोकावर पितळेचा एक जाड तुकडा बसलेला, त्याला आतून मऊ धातूचा लेप, आणि खाली तेलात भिजवलेली लोकर. आस फिरतो, लोकरीतून तेल ओढून घेतो, पितळेला लावतो. बस, एवढंच शास्त्र. पण लोकर नीट बसली नाही किंवा आत खडा गेला, तर पितळ घासतं, पेटी तापते, धूर येतो, आणि वेळीच कुणाला कळलं नाही तर आस मोडून डबा रुळांवरून खाली. ही लोकर भरता येणारी माणसं खात्यात उरली नव्हती. म्हणून माझी आठवण झाली.

मला हे शिकवलं मुरुगेसनअण्णांनी. अण्णा मद्रासकडच्या कारखान्यात फिटर होते, मग आमच्याकडं आले. पहिल्याच दिवशी त्यांनी पेटीचं झाकण उघडून मला सांगितलं होतं, "यात तेल आणि लोकर. तिसरं काही गेलं तर आग." आता ते ऐंशीच्या पुढं आहेत आणि सुंदरपेरुमाळ कोयिलला आपल्या शेतावर असतात. त्यांनी मला शिकवलं ते मी सेल्वीला शिकवलं. सेल्वी म्हणजे आमची टेक्निशियन, दोन मुलांची आई, बोलायला कमी आणि हाताला पक्की. तिनं महिन्याभरात लोकर अशी भरायला घेतली की मी नुसता बघत उभा राहू लागलो.

सुरक्षेचं बघायला गायकवाड मॅडम आल्या. नाशिकच्या. मी मराठीत "आपण केव्हा आलां, काही फराळ जाहला काय?" असं विचारलं, तेव्हा त्या आधी दचकल्या आणि मग पोट धरून हसल्या. पुढं मला 'काका' म्हणू लागल्या. पण कामात काका वगैरे काही नाही. त्यांनी मामीसाठी सोळा नियम लिहून आणले होते.

पहिला नियम, लाकडी डबा लोखंडी डब्यांच्या मध्ये कधीच जोडायचा नाही. टक्कर झाली तर अडकित्त्यातल्या सुपारीसारखी गत व्हायची. तो एकटा चालवायचा, नाहीतर सगळ्यांत शेवटी. मग वेगाची मर्यादा. आत जाळ नाही, काडी नाही, उदबत्ती नाही. दारं बाहेरून कुलूपबंद नाहीत. छतावर कुणी नाही, कारण वर विजेची तार आहे. ठरलेल्या स्टेशनांवर थांबून आठही पेट्या हातानं तपासायच्या. असे सोळा. मी प्रत्येकामागचा माणूस मनात बघत गेलो आणि मजेत सही केली.

डबा अजून धावलाही नव्हता, तोवर पेपरात बातमी आली आणि गिऱ्हाइकं दारात. तिरुभुवनमचे एक रेशमी साड्यांचे व्यापारी आले. त्यांची साठीशांत होती, तिरुक्कडैयूरच्या देवळात जायचं होतं, आणि होम त्यांना धावत्या डब्यात करायचा होता. मी म्हटलं, सागवानी डब्यात जाळ चालत नाही. ते म्हणाले, "छोटासा होम." मी म्हटलं, "आगही आधी छोटीशीच असते." ते रुसले. मग म्हणाले, बरं, दारांना दोन्हीकडं केळीचे खुंट तरी बांधू. मी त्यांना टेप घेऊन फलाटापर्यंत नेलं आणि दाखवलं की केळीची पानं सिग्नलच्या खांबाला कशी भेटतील. ते टेप बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी मला विचारायला आले की कागदी केळी चालतील काय.

एका बाईंना पाहुण्यांसाठी कोळशाच्या शेगडीवर कॉफी हवी होती. कुंभकोणमची कॉफी विजेवर करणं त्यांच्या मते पाप होतं. मी त्यांना थर्मास सुचवला तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मलाच माझी लाज वाटली. एक फोटोवाला छतावर बसून नवरा-नवरीचे फोटो काढणार होता. त्याला मी फक्त वरची तार दाखवली आणि तिच्यात किती वीज आहे ते सांगितलं. तो जाताना जमिनीवरूनसुद्धा वाकून गेला.

हे सगळं गमतीचं. पण मॅडमनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट साफ सांगितली होती. "काका, वरचे लोक आधीच म्हणताहेत की असला जुना डबा मेन लाइनवर कशाला. चाचणी एकच मिळणार. पेटी तापली तर मामी स्टेशनसमोर चौथऱ्यावर बसवतील. लोक फोटो काढतील, कावळे घरटी करतील." त्या दिवसापासून माझी झोप कमी झाली. मी स्वतः चौथऱ्यावर बसून दोन वर्षं काढली होती. ते मामीच्या वाट्याला येऊ नये, असं मनापासून वाटत होतं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी सरसू पूजेला आली. आमच्याकडं नवं वाहनसुद्धा पूजेवाचून हलत नाही, मग ही तर मामी. आठ चाकांखाली आठ लिंबं ठेवली. हळदकुंकू, चंदन, झेंडूचा हार. सरसूनं कापूर काढला तेव्हा मी नियम सांगितला. ती म्हणाली, "कशास एवढं? डब्याच्या बाहेर ओवाळत्यें की." मी नाही म्हटलं. शेवटी तिनं कापूर न पेटवताच ओवाळला आणि सेल्वीनं तोंडाला पदर लावून हसू दाबलं. निघताना सरसूनं घरच्या देवाच्या अंगाऱ्याची एक पुडी माझ्या हातात दिली, लाल दोऱ्यानं बांधलेली. "ही मामीपाशी असू द्या," म्हणाली.

सकाळी आठच्या सुमाराला मामी निघाली. पुढं इंजिन, मागं मामी, आत प्रवाशांऐवजी वाळूची पोती. मी, मॅडम आणि सेल्वी. लिंबं फुटल्याचा आवाज आला आणि यार्डातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारासुरम गेलं, स्वामिमलै गेलं. मामी कुरकुरत, डुलत चालली होती. दोन्हीकडं भातशेती. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात मी तिशीचा झालो होतो. खरंच सांगतो, इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभात झाला नव्हता.

सुंदरपेरुमाळ कोयिलला ठरल्याप्रमाणे थांबलो. तिथं मुरुगेसनअण्णा उभे. स्वच्छ पांढरं वेष्टी-धोतर, खांद्यावर पंचा, हातात छत्री. मामी येणार म्हणून पहाटेपासून येऊन बसले होते. मला नमस्कारसुद्धा न करता ते सरळ डब्यापाशी गेले आणि जुन्या सवयीनं उलटा हात एकेका पेटीला लावत चालले. मी कौतुकानं बघत होतो. उजव्या अंगाच्या पहिल्या पेटीपाशी ते थांबले. पुन्हा हात लावला.

"रावा," ते मला म्हणाले, "हिला ताप आहे."

मी हात लावला. होता. पेटी कोमट असतेच, तिचा आस फिरत असतो. पण ही कोमटच्या पुढं गेली होती. तरी मी म्हटलं, "ऊन आहे ना अण्णा, उन्हानं तापली असेल."

अण्णांनी छत्रीनं दाखवलं. "ऊन डाव्या अंगाला आहे. आपण सावलीत उभे आहोत."

मॅडम आल्या. त्यांच्याकडं ताप मोजायचं यंत्र होतं; तेही अण्णांच्या हातासारखंच बोललं. आता सांगायला लाज वाटते तो भाग. मी सेल्वीवर ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडलो. लोकर सैल भरली, लक्ष नव्हतं, महिनाभर कुणासाठी घसा कोरडा केला, असं काय काय बोललो. सेल्वीनं लोकर ओढायची आकडी माझ्या हातात दिली आणि मागं उभी राहिली. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

मी झाकण उघडलं. आकडीनं लोकर बाहेर ओढू लागलो. पहिली चांगली होती, तेलानं तुडुंब. दुसरी चांगली. आतली निघाली ती राखाडी, खरखरीत, बोटांना वाळूसारखी लागणारी. आणि तिच्यात गुंतून आला एक लाल दोरा.

मग मला आठवलं. आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पेट्यांत एकदा तेल बघितलं होतं. फेरीतली शेवटची, म्हणजे उजव्या अंगाची पहिली पेटी उघडली, तेव्हा खिशातली पुडी हाताला लागली. सरसू मामीपाशी असू द्या म्हणाली होती. पोराच्या गळ्यात बांधावी तशी मी ती पेटीत, लोकरीच्या मागं, कोपऱ्यात खोचली. कागद तेलात विरला, अंगारा लोकरीत उतरला आणि लोकरीनं तो इमानानं आसाला लावला. अंगारा म्हणजे शेवटी राख. राखेनं आपण भांडी घासतो. तुम्ही म्हणाल, ओरडताना हे आठवलं कसं नाही? खरंच नाही आठवलं. पेटीत 'वस्तू' घालू नये, हे माझ्या हाडात भिनलेलं होतं. पण अंगारा वस्तूंत मोडतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

दोरा माझ्या मुठीत होता. मी वाकलेला होतो, त्यामुळं तो बाकी कुणाला दिसला नव्हता. मॅडमनी विचारलं, "काय सापडलं, काका?"

नोकरीभर वाकलेला माणूस. त्या वेळी मला सरळ उभं राहायला फार वेळ लागला. सेल्वीचं काम सैल होतं म्हटलं असतं तर गोष्ट तिथं संपली असती. यंत्राचा दोष नाही, माणसाचा, पुन्हा भरा आणि चालवा. खरं सांगितलं तर कागदावर जाणार की ज्याला खास बोलावून आणलं त्या जाणत्यानंच पेटीत राख घातली. मग मामीवर कोण विश्वास ठेवणार. हे सगळं डोक्यात आलं, नाही कशास म्हणू. पण मागं सेल्वी उभी होती. मी मूठ उघडली.

"मीच घातला," मी म्हणालो. "घरचा अंगारा. सेल्वीचं काम चोख आहे." मग तमिळमध्ये सेल्वीची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर, कारण ओरडलोही सगळ्यांसमोर होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

अण्णांनी दोरा उचलून बघितला आणि मान हलवली. "तेल आणि लोकर," ते म्हणाले. "दोनच गोष्टी शिकवल्या होत्या, रावा. त्याही जास्त झाल्या."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा हुकूम दिला. सेल्वीनं पेटी पुसून नवी लोकर भरली, आम्ही माणसाच्या चालीनं पापनासमला गेलो आणि मामीला बाजूच्या रुळावर उभं केलं. दुसऱ्या दिवशी जॅक लावून डबा उचलला. पितळेच्या लेपावर ओरखडे होते, आसावर नव्हते. नवं पितळ बसलं. मी घरी गेलो आणि सरसूला सांगितलं. ती म्हणाली, "मामीपाशी म्हटलं होतं. मामीच्या पोटात नव्हे."

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. चौथऱ्याची जागासुद्धा ठरली असल्याचं कानावर आलं. फुलझाडं कुठली लावायची, इथवर गोष्ट गेली होती. मग मॅडमचा अहवाल वर गेला. त्यातलं एक वाक्य त्यांनी मला नंतर वाचून दाखवलं. पेटी तापली, ती ठरलेल्या थांब्यावर, ठरलेल्या रीतीनं हातानं तपासताना सापडली आणि नियमांप्रमाणे डबा बाजूला काढला गेला. म्हणजे नियम काम करतात. वरच्या लोकांनी बरीच चर्चा केली आणि दुसऱ्या चाचणीला परवानगी दिली. दुसऱ्या चाचणीत आठही पेट्या शहाण्यासारख्या वागल्या. तंजावरला पोचलो तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आता मामी चालते. कधी साठीशांतीला, कधी परदेशी पाहुण्यांना घेऊन. थर्मासातली कॉफी पिऊन लोक नाकं मुरडतात आणि दुसरा पेला मागतात. सुंदरपेरुमाळ कोयिलला थांबली की अण्णा छत्री घेऊन हजर असतात आणि आठही पेट्यांना उलटा हात लावून मगच पुढं जाऊ देतात. तसा नियम नाही, पण अडवायची कुणाची छाती नाही.

परवा नवे लोक शिकायला आले होते. वर्ग सेल्वी घेते. मी मागच्या बाकावर बसतो, कारण घरी बसलो तर पुन्हा स्वयंपाकात सल्ले सुरू होतात. सेल्वी मामीचे नियम एकेक वाचत, समजावत होती. सोळा झाले. मग तिनं सतरावा वाचला.

"ॲक्सलच्या पेटीत तेल व लोकर यांखेरीज कोणतीही वस्तू, पवित्र वस्तूसुद्धा, ठेवू नये."

वर्गात हशा पिकला. पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "हे लिहावं लागतं? कोण असेल तो शहाणा?"

सेल्वीनं माझ्याकडं पाहिलं नाही. पुस्तकातच बघत ती म्हणाली, "असेल कुणीतरी. डब्यावर फार जीव असणार त्याचा."

मी उठलो. गुडघे वाजले, पाठ वाजली, सगळे मागं वळून बघू लागले. मी माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि किती वर्षं नोकरी केली तेही सांगितलं. वर्गात कुणी हसेना.

"बसा, सार," सेल्वी म्हणाली. "आता चला, प्रत्यक्ष पेटी बघू. खिसे आधी रिकामे करा. राव सार, तुम्हीसुद्धा."